बाळांना कडता नाही

कच्च्या केळ्याचा चीक एकदा बोटांत मुरला की चिंचेनेही निघत नाही. चोपड्याच्या शेवंताबाईंची बोटे बारा वर्षांत अशी काळी पडली होती की लग्नकार्यात त्या पदराखाली हात झाकून बसायच्या. पीठ मात्र पांढरेशुभ्र. लोखंडी विळी केळ्याला लावायची नाही, बांबूच्या पातीने चकत्या करायच्या, तीन उन्हे द्यायची, कांडायचे आणि धोतराच्या फडक्यातून गाळायचे. आसपासच्या आया त्या पिठाची खीर करून बाळांना भरवीत. त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे अडतीसच्या दिवाळीत, ते पीठ पहिल्यांदा डब्यात भरले गेले.

डब्यांची कल्पना त्यांच्या दिराची. रुपचंद जळगावात किराणा दुकान चालवी आणि बोलण्यात कुणाला हार जात नसे. धुळ्याला पौषात शेतकी प्रदर्शन भरणार होते. त्याने तिथे टेबल मागितले आणि डब्यावर चिकटवायच्या चिठ्ठीचा मजकूर लिहून आणला. वहिनींना वाचता येत असे, पण थांबत थांबत, एकेका अक्षरावर बोट ठेवून.

"बलवर्धक. बुद्धिवर्धक. क्षयरोगावर रामबाण." शेवंताबाईंचे बोट तिथेच थांबले. "रुपचंदभाऊ, तुमच्या दादांना शेवटचे आठ महिने मी दुसरं काय भरवत होते?"

रुपचंदने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"गेलेच ना ते? मग हा रामबाण कुणाला लागला?"

"अहो, सगळेच लिहितात, वहिनी."

"सगळ्यांनी आपापल्या डब्यावर लिहावं."

क्षय खोडला गेला. पाठोपाठ बुद्धीही गेली, कारण घरातल्या घरात तिचा पुरावा नाही, असे शेवंताबाई म्हणाल्या आणि रुपचंदकडे बघून हसल्या. उरले एवढेच, की या पिठाने बाळाचे वजन भरते. त्यावर प्रदर्शनाच्या समितीचे पत्र आले. समितीवर एक डॉक्टर होते आणि त्यांचा नियम सरळ होता : डब्यावर जे लिहाल, ते कशावरून, हे टेबलापाशी सांगता आले पाहिजे. नाही सांगता आले, तर डबा मांडायचा नाही.

रुपचंद चिडला. शेवंताबाईंना मात्र ते पत्र आवडले. बारा वर्षांत त्यांच्या पिठाला 'कशावरून' असे कुणी विचारलेच नव्हते. आया 'चांगलं आहे' म्हणत आणि त्यांनाही वाटे की चांगलेच असावे. पण रात्रंदिवस उशाशी खिरीची वाटी ठेवूनही घरचे माणूस वाचले नव्हते, आणि तेव्हापासून एक शंका मनात घर करून होती. आपण उगाच राबतो आहोत की काय?

त्यांनी गल्लीतली सात ते दहा महिन्यांची बारा बाळे निवडली. सहांना रोज दोनदा केळीच्या पिठाची खीर, सहांना घरात जे चालू होते तेच. महिन्याच्या आधी आणि नंतर वजन. पण टोपलीसकट बाळ पेलेल आणि तरी नेमका असेल असा काटा आणायचा कुठून? तो सबंध गावात एकाच ठिकाणी होता, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनात.

जिनाचा तोलणारा भटू हा तीस वर्षे काट्यापाशी उभा राहिलेला माणूस. कार्तिकाच्या शेवटी एका सकाळी, गाड्या यायच्या आत, बाराही आया रांगेने जिनात गेल्या. टोपली आधी तोलून तिचे वजन वजा ठेवले. मग भटू एकेक रडते बाळ टोपलीत ठेवी आणि गाडीवानाला ऐकवावे तशी आरोळी देई. शेवंताबाई वहीत लिहून घेत. महिन्याने पुन्हा तसेच केले.

हिशेब आला तेव्हा रुपचंद मुद्दाम चोपड्याला आला. खीर खाणारी बाळे सरासरी पाऊण शेर वाढली होती, बाकीची अर्धा शेर. तो तसाच जळगावला गेला आणि आठ दिवसांत छापलेल्या चिठ्ठ्या घेऊन परतला : 'महिन्यात बाळाचे वजन पाऊण शेर वाढते.' चिठ्ठ्या डब्यांवर चिकटल्या. शेवंताबाई एक डबा हातात घेऊन कितीतरी वेळ बसल्या. हात झाकायचे त्या दिवशी त्यांना सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची प्रमिलाबाई आपले पोर कडेवर घेऊन आली. ते खीर खाणाऱ्या सहांतले. महिन्यातले पंधरा दिवस तापाने फणफणले होते.

"वैनी, तुन्हं पीठ म्हंजे देव शे! तापमा पडेल पोरगं, तरी काटावर अधपाव वाढनं!"

शेवंताबाईंनी पोर घेतले. कडेवर बसताच त्याच्या मांडीचे हाड टोचले. महिन्यापूर्वी टोचत नव्हते. काटा म्हणत होता वाढले, कड म्हणत होती घटले. कड खोटे कशाला बोलेल?

रुपचंदला सांगितले तर तो म्हणाला, "वहिनी, आकडा आपल्या बाजूचा आहे. त्याला कशाला डिवचता?"

त्या उठल्या आणि घरातला पितळी तांब्या घेऊन जिनात गेल्या. तांब्या सराफाकडे तोललेला होता, बरोबर दीड शेर.

"भटूभाऊ, एवढा तोला."

भटूने तांब्या टोपलीत ठेवला, टोपली वजा केली आणि आरोळी दिली, "सव्वा शेर!"

"पावशेर कुठे गेला?"

"कुठे म्हंजे? कडता!" भटू सहज म्हणाला. मग त्याचाच हात काट्यावर थबकला.

जिनात येणाऱ्या कापसात ओल असते, माती, पानकाडी असते. त्यापोटी तोलणारा दर तोलाला थोडे वजन कापतो, तो कडता. भटूच्या तोंडात तो इतका बसला होता की आकड्याआधी तोच वजा होई.

"कार्तिकात किती कापता?"

"तवय दव ऱ्हास, पहिली वेचणी ओली ऱ्हास. अर्धा शेर." भटूचा आवाज उतरत गेला. "आते कापूस सुकना. पावशेर." मग तो एकदम उसळला. "अक्का, तीस वरीस व्हयनात, मन्हा काटाले कोणी नाव ठेवं नही! अन पोऱ्हे काय कोरडा ऱ्हातस का? मन्ही टोपलीले इचारा!"

शेवंताबाईंना हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले. आधी अर्धा शेर कापला, नंतर पावशेर, म्हणजे प्रत्येक बाळ न वाढताच पावशेर वाढले होते. प्रमिलाबाईचे पोर खरेच घटले होते. पण त्यांनी पुन्हा बोटांवर मोजले. चूक बाराही बाळांत सारखी होती. ती काढली, तर खिरीची बाळे अर्धा शेर वाढली आणि बाकीची पावशेर. फरक जिथल्या तिथे होता. पाऊण शेर खोटा ठरला, आणि पीठ खरे निघाले.

"म्हणजे अजूनही आपणच वर!" घरी हा हिशेब ऐकून रुपचंद म्हणाला. "मग चिठ्ठी राहू द्या. धुळ्यात कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय," शेवंताबाई म्हणाल्या. "टेबलापाशी मीच उभी राहणार आहे."

नरडाण्याला आगगाडीतून उतरून धुळ्याला पोहोचेपर्यंत त्या मोटारीत डबे मांडीवर घेऊन प्रत्येक चिठ्ठीवर शाईने लिहीत होत्या. 'पाऊण शेर' खोडून त्यांच्या वाकड्या अक्षरांत वर आले : 'खीर न खाणाऱ्यांपेक्षा पावशेर जास्त. बारा बाळांवरून.'

डॉक्टर टेबलापाशी आले. खोडलेली चिठ्ठी पाहून त्यांनी चष्मा वर केला. "हे काय, बाई? खाडाखोड?"

शेवंताबाईंनी कडता सांगितला, टोपली सांगितली, तापातले पोर सांगितले. सांगताना हात टेबलावर होते, काळ्या बोटांसकट. शेजारच्या टेबलावरचा काढेवाला फिसकन हसला. डॉक्टर हसले नाहीत.

"बारा बाळं फार थोडी," ते म्हणाले. "आणि महिनाही थोडा."

"तेही लिहिते," म्हणत शेवंताबाईंनी दौत पुढे ओढली.

डॉक्टरांनी तो डबा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या पुढच्या कडेला मांडला. "राहू द्या तसाच. आज सकाळपासून मी चाळीस डबे पाहिले, आपली चूक सांगणारा हा पहिला." मग काढेवाल्याकडे वळून म्हणाले, "हं, तुमचं कशावरून?"

शेवंताबाई त्या दिवसभर उभ्याच होत्या. कुणी बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

माघात जिनात पुन्हा तोल झाला. या वेळी सव्वीस आया होत्या, बोदवडहून माहेरी आलेली एक लेकही आली होती. काट्याच्या खांबावर भटूने खडूने लिहून ठेवले होते : 'बाळांना कडता नाही.' तेवढ्यावर त्याचे समाधान नव्हते. दर बाळामागे तो आधी शेवंताबाईंकडे बघे, छाती भरून घेई आणि सगळ्या जिनाला ऐकू जाईल असा ओरडे,

"पावणेसात शेर! चोख!"