सात घरांचा मसाला

माझी जाऊ सुलू दर मे महिन्यात सात घरांना पुरेल एवढा मसाला करायची, आणि बावीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून मिरच्यांचे देठ खुडत आले. माझं काम तेवढंच. देठ खुडायचे, धणे निवडायचे आणि ती सांगेल तो डबा तिच्या हातात द्यायचा.

मसाला मूळ आमच्या सासूबाईंचा, रत्नागिरीकडचा. गुडघे गेले तेव्हा त्यांनी तो सुलूच्या हवाली केला. “मोठीकडे राहू दे,” म्हणाल्या. मी तिथेच उभी होते, पण माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुलू तेव्हापासून जी मोठी झाली ती झालीच. नवघरच्या तिच्या दोन खोल्यांत मसाला भाजला जायचा, काचेच्या बाटल्यांत भरला जायचा, झाकणावर फडकं, फडक्यावर सुतळी, आणि वर चिठ्ठी. माझ्या बाटलीवर लिहिलेलं असायचं, ‘चंपास, सुलूकडून’. ज्या मसाल्याचे देठ खुडताना माझ्या बोटांची आग आग झाली, तोच मसाला मला भेट म्हणून यायचा आणि वर मी ‘कशाला त्रास घेतलात ताई’ असं म्हणायचं.

तेही चाललं असतं. पण मिरा रोडला बेव्हर्ली पार्कातल्या माझ्या घरी, माझ्या गॅसवर, मी पहाटे उठून बाजारातून निवडून आणलेल्या बांगड्यांचं कालवण केलं, की आमचे आत्माराम बोटं चाटत म्हणायचे, “वहिनीचा मसाला आहे ना, चव येणारच.” बावीस वर्षं मी केलेलं प्रत्येक कालवण त्यांनी असं सुलूच्या नावावर केलं. एकदा, अगदी सुरुवातीला, मी माझा मसाला करून बघितला होता. सासूबाईंनी तो न चाखता भांडीवालीला देऊन टाकला, आणि आत्माराम म्हणाले, “वहिनीला काय वाटेल?” मला काय वाटेल हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच कधी पडला नाही.

मला एवढंच हवं होतं, की एकदा, चारचौघांत, कुणीतरी म्हणावं, हा चंपाचा मसाला. माप मला तोंडपाठ होतं. हात तर होतेच.

दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात नेहमीसारखी मी रिक्षाने नवघरला गेले. सुलूला आदल्या पावसाळ्यात मोठा ताप येऊन गेला होता, तेव्हापासून ती जरा वाळली होती. बाकी थाट तोच. लोखंडी कढई तापली, मिरच्या भाजून झाल्या, खकाण्याने दोघी खोकलो. मग धणे टाकले. सुलू परतत होती आणि मध्येच म्हणाली, “आला काय गो वास?”

बावीस वर्षांत तिने मला हे विचारलं नव्हतं. वास तिला यायचा आणि ती सांगायची, असा रिवाज होता.

“आला,” मी म्हटलं. तिने लगेच कढई उतरवली. बडीशेपेला पुन्हा तेच. “सांग हां मला, वास आला की.” मी तिच्याकडे नीट बघितलं. मग हिंगाची डबी उघडली आणि ती देता देता तिच्या नाकाखालून सावकाश फिरवली. तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

तर असं होतं. बाईचं नाक गेलं होतं, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. माणूस म्हणून मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला, आणि तो मी लपवून सांगणार नाही.

धण्यांचा रंग डोळ्यांना कळतो, म्हणून धणे, जिरं, खसखस मी नीट उतरवू दिलं. पण मिरी, लवंग, शहाजिरं, दगडफूल हे सगळं मुळातच काळं. ते करपलं तरी रंग चुगली करत नाही. त्यांचं सगळं नाकावर.

“आला काय गो?” सुलूने दगडफूल परतत विचारलं.

वास केव्हाच आला होता. येऊन गेलाही होता.

“अजून नाही ताई,” मी म्हटलं. “परता अजून थोडं.”

मिरीला तेच केलं. लवंगेला तेच. शहाजिरं तर पार जाळलं. मिरच्यांच्या धुराने खोली आधीच भरली होती, त्यात हा धूर कुठे ओळखू येणार? सुलू घामाने निथळत उलथनं हलवत होती आणि दर दोन मिनिटांनी माझ्या तोंडाकडे बघत होती, लहान मूल बघतं तसं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून मीही घाई केली नाही.

कांडपवाल्याकडे मीच घेऊन गेले. त्याने मूठभर जिन्नस नाकाशी नेले आणि थबकला. “आंटी, इसमें कुछ जला है क्या?”

“तुम कूटो,” मी म्हटलं. “सूंघने को किसने बोला?”

दोन दिवसांनी सात घरी सात बाटल्या गेल्या, फडकं, सुतळी, चिठ्ठीसकट. आठवड्याभरात माझ्याकडे फोन यायला लागले. सुलूकडे कुणी केला नाही, कारण तिला बोलायची कुणाची छाती नव्हती. सगळ्यात आधी तिच्याच मुलीचा आला, संचिताचा. ती लग्न होऊन दहिसरला दिलेली.

“काकी, तुमच्याकडे पण कडू लागतोय का? सासूबाई म्हणाल्या, हे काय पाठवलंय तुझ्या आईने? मला इतकं ऑकवर्ड झालं ना.”

“आईला काही बोलू नकोस हं,” मी म्हटलं. “वय झालंय तिचं. माझ्याकडे दुसरा आहे, तो पाठवते.”

“दुसरा कुणाचा?”

“वापर तर आधी. मग सांगते.”

कारण तोवर मी माझा केला होता. आत्माराम ऑफिसला गेले आणि मी कढई चढवली. अख्खी विंग खोकत होती, शेजारची गुजराती बाई दारात येऊन ‘भाभी, क्या जलाया?’ विचारून गेली. जलाया नव्हतं काहीच. दगडफूल जिथे उतरवायचं तिथेच उतरवलं, मिरी तडतडायच्या आत काढली. इतका सुरेख मसाला आमच्या घराण्यात सासूबाईंच्या हातूनही झाला नसेल. तो मी एकेका घरी पोचवला आणि कुणाचा ते कुणालाच सांगितलं नाही. ते मला सगळ्यांसमोर सांगायचं होतं, आणि सुलू समोर असताना.

मुहूर्त चालून आला. जूनच्या दुसऱ्या रविवारी माझ्या थोरल्या दिरांची, धर्माजी भाऊजींची एकसष्टी होती. भाऊजी म्हणजे साधा माणूस, आमटीत मीठ नसलं तरी जेवून उठणारा, त्यामुळे बायकोच्या मसाल्याचं काय झालंय ते त्यांना कळलंच नव्हतं. सुलूला मी म्हटलं, “ताई, वडे तुम्ही करा, कोंबडी मी आणते.” ती बिचारी खूश झाली. वाटून देण्यासाठी दोनच दिवस आधी मी पुन्हा देठ खुडून आणखी मसाला केला होता, तो सकाळी बाटल्यांत भरला, कोंबडीचं पातेलं फडक्यात बांधलं आणि आम्ही निघालो.

नवघरच्या त्या दोन खोल्यांत सोळा-सतरा माणसं. पहिली पंगत बसली आणि पहिल्याच घासाला संचिता म्हणाली, “बाप रे, काकी!” आत्मारामनी तिसऱ्यांदा रस्सा घेतला. भाऊजीसुद्धा म्हणाले, “आज काहीतरी निराळं आहे.”

“ओळखा बघू, मसाला कुणाचा?” मी विचारलं.

“वहिनीचा, आणखी कुणाचा,” आत्माराम म्हणाले.

“नाही हो काका,” संचिता बोलून गेली. “आईचा यंदा कडू झालाय. आम्ही सगळे काकींनी दिलेलाच वापरतोय.”

सुलू वडे घेऊन दारात उभी होती. तिने ताटली खाली ठेवली. “कडू झालाय?” तिने विचारलं. “मला कुणी बोललं नाय ते?”

सगळ्यांनी ताटात बघितलं. थांबायचं असतं तर मी इथे थांबू शकत होते. पण मी आधीच तयारी करून आले होते. दोन वाट्यांत मसाला घेतला आणि तिच्यापुढे धरला.

“ताई, तुम्हीच वास घेऊन सांगा. यातला तुमचा कुठला?”

दोन्ही वाट्यांत माझाच मसाला होता. तिने कुठलीही उचलली असती तरी ती चुकणारच होती.

सुलूने एक वाटी नाकाशी नेली, मग दुसरी. परत पहिली. पंगत हात थांबवून बघत होती. तिने खूप वेळ घेतला, मग डावी वाटी हळूच पुढे सरकवली. “हा माझा.”

“दोन्ही माझ्याकडचे आहेत,” मी म्हटलं. पोरं फिदीफिदी हसली.

सुलू खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पुसायचंही तिला सुचलं नाही. “मला वास येत नाय,” ती म्हणाली. “गेल्या तापापासनं. कसलाच नाय येत. तोंडाला चव पण नाय. म्हटलं होईल बरं. सांगितलं असतं तर तुम्ही मसाला बंद करायला लावला असता.”

खरं सांगते, त्या क्षणी मी सुखाने भरून पावले होते.

“अगं, मग भाजलास कसा?” भाऊजींनी विचारलं.

“चंपा होती ना. ती सांगायची वास आला म्हणून, मग मी उतरवायचे.” सुलूने पदराने नाक पुसलं. “ती होती म्हणून तर धीर केला.”

आत्मारामनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे तुलाही वास येत नाही?”

येत नाही म्हणावं, तर सुटका होती. पण संचिता लहानपणापासूनच चौकस. तिने रश्श्यात बुडवलेला वडा हातात धरला आणि म्हणाली, “असं कसं? काकींना वास येत नसेल, तर हा एवढा भारी मसाला भाजला कुणी?”

सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. ज्या प्रश्नाची मी बावीस वर्षं वाट बघितली तो शेवटी कुणीतरी विचारला होता, चारचौघांत, सुलूच्या समोर. उत्तर एका अक्षराचं होतं. ‘मी’ म्हटलं की मसाला माझा, आणि मसाला माझा की नाकही माझं शाबूत. मग दगडफूल का जळलं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सुलू अजून रडत होती.

“विकतचा आहे,” मी म्हटलं.

“काय सांगता!” संचिता ओरडली. “विकतचा? कुठे मिळतो?”

“आमच्या तिकडे... एक दुकान आहे. सुटा देतो.”

“आणि आम्ही इतकी वर्षं घरच्या मसाल्याचं कौतुक करतोय!” आत्माराम खो खो हसले. मग सगळेच हसले, वातावरण एकदम मोकळं झालं. कुणी म्हणालं, सुलूने आता आराम करावा. कुणी म्हणालं, आजकाल विकतचं घरच्यापेक्षा बरं असतं, भेसळ तेवढी बघून घ्यावी. माझ्या मसाल्यात भेसळ असेल का यावर दोन मिनिटं चर्चा झाली. मी वड्यांची ताटली उचलली आणि वाढायला लागले, कारण हात रिकामे ठेवणं मला शक्य नव्हतं.

सुलूपुढे वाकले तेव्हा तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं आधारासाठी धरलंय. तिने माझा हात उलटा केला आणि बोटं बघितली. सकाळी बाटल्या भरल्या होत्या, नखांच्या कडा अजून लाल होत्या. बोटांच्या शेंड्यांना देठ खुडून आलेले ताजे चरे होते, आणि विकतच्या मसाल्याला देठ खुडावे लागत नाहीत.

“नाक गेलंय गो,” ती फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, “डोळे हायत अजून.”

मी हात ओढला. तिने सोडला नाही. डोळे पुसले, आवाज खणखणीत केला आणि पंगतीला सांगितलं, “ऐकलंत काय सगळ्यांनी? पुढच्या वर्षापासनं माझं दुकान बंद. सातही घरांचा मसाला चंपा आणून देणार, त्या दुकानातनं. किती पाहिजे तो आत्ताच तिच्याकडे सांगून ठेवा.”

टाळ्या वाजल्या. संचिताने उठून कॅलेंडरच्या मागे लटकवलेलं पेन काढलं आणि सगळ्यांना विचारत यादी करायला लागली. तिच्या सासूबाईंना दोन किलो हवा होता. सुलूने सगळ्यात शेवटी आपला सांगितला, अडीच किलो, आणि तो सांगताना ती माझ्याकडे बघून हसली.

आत्मारामनी रश्श्यासाठी वाटी पुढे केली. “त्या दुकानदाराला सांग हं,” ते म्हणाले, “आमच्या घरी सगळ्यांना फार आवडला म्हणून.”

“सांगते,” मी म्हटलं, आणि वाटी भरली.