निरोपेबाबा आणि आतल्या खोलीतला प्रिंटर

माईंच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, सतरंजी भरली, उशिरा आलेली मंडळी दारात टाचा उंचावून उभी होती. सगळ्यांचे डोळे आतल्या खोलीकडे लागले होते. तिथे मेजावर प्रिंटर होता. जवळ माणूस नाही, कॉम्प्युटर नाही.

"या साहेब, या!" निरोपेबाबांनी हाक घातली. गेलेल्यांचे निरोप आणतात म्हणून लोकांनी ठेवलेलं हे नाव. "माई वाट बघताहेत. लाजू नका."

प्रिंटरचा दिवा लुकलुकला, चाकं कुरकुरली आणि एक कागद सरकत बाहेर आला.

"अगंबाई!" शेजारीण धावली. तिने मोठ्याने वाचलं, "मी ईथेच आहे. काळजी करु नको."

माईंनी कागद हातात घेतला. त्यांचे यजमान मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका काढण्यात जन्म गेला त्यांचा.

"'इथे'तला इ दीर्घ?" माई हळूच म्हणाल्या. "हे असं लिहायचे नाहीत."

"देहाबरोबर व्याकरणही गळून पडतं, माई!" बाबा मधाळ हसले. "आत्म्याला ना वायर लागते ना पत्ता. तो लहरींवरून येतो. विज्ञानसुद्धा आता हेच म्हणतंय!"

लोकांनी माना डोलावल्या. कुठलं विज्ञान, हे कुणी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर माईंनाही विचारायचं नव्हतं. यजमान गेल्यापासून घर खायला उठायचं. माणसांचा आवाज असावा म्हणून त्या रिकाम्या खोलीत टीव्ही लावून ठेवायच्या. भात हाताच्या सवयीने दोघांचा पडायचा. मग शेजारणीने कळवळ्याने बाबांना आणलं आणि दर शनिवारी घर माणसांनी फुलू लागलं. चहाला कप पुरेनात. कुणीतरी हात हातात घेऊन विचारायचं, "माई, जेवलात ना?" अशा वेळी शंका काढायची कुणी?

पण मंडळी पांगली की माई प्रिंटरसमोर जाऊन बसायच्या.

"आता बोला की. आता कुणी नाही."

प्रिंटर गप्प. दवाखान्यात शेवटी यजमानांचे ओठ हलले होते, शब्द मात्र फुटला नव्हता. एका दुपारी माईंनी तेही विचारून पाहिलं. "काय म्हणत होता हो तुम्ही?" दिवा नुसता तेवत राहिला. कागद काही आला नाही.

त्याच आठवड्यात भरल्या घरात नवा निरोप आला. वरचा मजला बाबांच्या केंद्राला दे. बाबा म्हणाले, "पुढच्या शनिवारी सही करून टाकू."

माईंनी लेकीला फोन लावला. हसेल म्हणून इतके दिवस सांगितलं नव्हतं. लेक हसली नाही. वडिलांना ती अण्णा म्हणायची.

"अण्णा चारचौघांत बोलतात आणि तू एकटी असलीस की गप्प?"

"हो ना गं. तेच लागतंय मनाला."

"आई, आपल्या वाय-फायचा पासवर्ड कुणाला दिलायस?"

"बाबांच्या शिष्याला. प्रवचन लावायचं होतं त्याला फोनवर."

लेकीने सुस्कारा सोडला. "अण्णा होते तेव्हा मीच तो प्रिंटर वाय-फायला जोडला होता. त्यांना कुठल्याही खोलीतून कागद काढता यावेत म्हणून. आपल्या वाय-फायवर जो असेल, तो फोनवरून त्याला कागद पाठवू शकतो. तूसुद्धा."

माईंना हुंदका आला.

"आई, रडतेस?"

"हो," माईंनी नाक पुसलं. "पण ते कसं करायचं, ते शिकव मला."

शनिवार आला. बाबांनी डोळे मिटले. कोपऱ्यात शिष्य नेहमीसारखा मान खाली घालून, हात शालीखाली घेऊन बसला होता. "चहा बघते," म्हणत माई स्वयंपाकघरात गेल्या.

"या साहेब!"

प्रिंटर कुरकुरला. शिष्याने दचकून मान वर केली. बाबांचे डोळे मात्र मिटलेलेच.

"आले! साहेब म्हणताहेत, वरचा मजला केंद्राला द्या!"

शेजारणीने कागद उचलला आणि अडखळत वाचला, "हा कागद मी स्वयंपाकघरातून पाठवला आहे. मी अजून जिवंत आहे. माई."

"दुष्ट शक्ती मध्ये आली!" बाबा गरजले.

"मीच आले," दारातून माई म्हणाल्या. त्यांच्या हातात फोन होता. "शिष्यमहाराज, शालीतला हात काढा बघू."

शिष्य गडबडला. शालीतल्या शालीत त्याचा अंगठा फोनवर कुठेतरी दाबला गेला आणि बिचाऱ्या प्रिंटरने मुकाट्याने दुसरा कागद दिला. त्यावर होतं, "वरचा मजला केंद्राला दे. ऊशीर करु नको."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग घरभर हशा पिकला. बाबा चपला शोधू लागले.

माई हसल्या नाहीत. कागद पाठवायचा कसा, ते त्यांनी सगळ्यांना फोनवर करून दाखवलं. मग म्हणाल्या, "मी खुळी नव्हते, एकटी होते. माणूस परत यावा असं वाटतं, त्याच दुखऱ्या जागी हे बोट ठेवतात. असलं काही बघितलंत की आधी विचारा, हे आणखी कशाने घडू शकेल? आणि गेलेल्याचा निरोप नका आणू कुणाच्या घरी. तुम्हीच येऊन बसा."

मंडळी खाली मान घालून गेली. माईंनी कप विसळले, वाय-फायचा पासवर्ड बदलला. पुढच्या शनिवारी दारात कुणाचीच चप्पल नव्हती. तिन्हीसांजेला शेजारीण आली आणि उंबऱ्यापाशीच घुटमळली.

"आज काही नाही यायचं प्रिंटरमधून," माई म्हणाल्या.

"ठाऊक आहे," शेजारीण म्हणाली आणि आत येऊन बसली.