पाठीमागचं ताट

आठवड्यात सासूबाईंच्या हातून तीनदा ताट पडलं. ज्या चमचासुद्धा आवाज न करता ठेवतात, त्यांच्या हातून! आणि तिन्ही वेळा छकुली त्यांच्याकडे पाठ करून खेळत होती.

मला संशय आलाच. कारण महिनाभर मीही तिच्यामागे किल्ल्या वाजवत होते, कुणी नसताना. दोन वर्षांची झाली तरी पोरगी हाकेला वळेना. मी शिकलेली बाई, पण ‘बहिरी’ हा शब्द मनातही दबक्या आवाजात उच्चारत होते. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. “आपल्या घरात तसलं काही नाही,” हे त्याचं ठरलेलं उत्तर. आता सासूबाई पुरावा गोळा करत होत्या, म्हणजे उद्या बोट माझ्या माहेराकडे.

चौथ्यांदा ताट पडलं तेव्हा मी त्यांच्या डावीकडे, दारातच होते.

“आई, हात थरथरतोय का?”

त्या ढिम्म. मी समोर जाऊन पुन्हा विचारलं.

“केवढ्यानं ओरडतेस गं!”

“दुसऱ्यांदा विचारलं. ताटं का पाडताय?”

“तू किल्ल्या का वाजवतेस?”

त्यांनी दार लोटलं. “माझा डावा कान लहानपणापासून गेलेला आहे. कुणाजवळ बोललीस तर बघ.”

“बाबांनाही माहीत नाही?”

“त्यांना वाटतं, मी शिष्ट आहे. वाटू दे. बहिरीपेक्षा शिष्ट बरी.” छकुलीकडे बघत त्या पुटपुटल्या, “माझंच गेलंय का हिच्यात?”

दुसऱ्या दिवशी चपला घ्यायला जातो असं सांगून आम्ही तिला कान तपासायला नेलं. खिडकीतून फॉर्म मिळाला. ‘कुटुंबात आणखी कुणाला ऐकण्याचा त्रास आहे का?’

“नाही, असं लिही.”

“आई, डॉक्टर यावरूनच पुढचं ठरवतात.”

“हा कागद घरी येतो?”

“माहीत नाही.”

त्यांनी आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं एकेक करून न्याहाळली. ओळखीचं कुणी नव्हतं. छकुली खाली बसून त्यांच्या साडीचा काठ ओढत होती. त्यांनी हाक मारली. ती वळली नाही.

“लिही मग,” त्या म्हणाल्या. “पण निदान पेन्सिलीनं लिही.”

मी पेननं लिहिलं : आजी, डावा कान, लहानपणापासून.

“आण, मी देते खिडकीत.” त्यांनी हात पुढे केला.

“राहू द्या,” म्हटलं, आणि फॉर्म घट्ट धरून मीच उठले.