फेट्यावरचं घमेलं

मी घमेलं बोलतेय, आणि गोष्ट सुरू होते तेव्हा मला दोन बाजूंनी दोघंजण ओढताहेत. एका कडेला व्हिएतनामची लान, दुसऱ्या कडेला आमच्या गावचे आश्रुबा. मध्ये मी, काठोकाठ गाळानं भरलेली, आणि खाली बारवेच्या पायऱ्या.

"सोडा ताई," आश्रुबा म्हणतात. "पाव्हन्याच्या डोक्यावर चिखुल? आमी काय मेलो का?"

लानला मराठीतले मोजकेच शब्द येतात. ती म्हणते, "नाही. काम. माझं काम."

"तुमचं काम जेवायचं," आश्रुबा म्हणतात आणि हिसका देतात.

त्या हिसक्यात अर्धा गाळ परत बारवेत जातो. दुपारपासून हेच चाललंय. गाळ चार पायऱ्या वर येतो, भांडणात सांडतो आणि होता तिथं जाऊन निवांत बसतो.

मी जन्मभर बाईच्या डोक्यावर राहिले, म्हणून बोलतेही बाईसारखीच. ज्याला झोंबेल त्यानं कान झाकावेत.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची सपाट चकती होते मी. वरून भलामोठा दट्ट्या पडला आणि एकाच दणक्यात खोली आली. माणसांना खोली यायला किती दणके लागतात ते मी पुढं पाहिलं, आणि काहींना तर सगळे दणके खाऊनही आली नाही.

तिथून मी आले युसूफ वडगावच्या बाजारात, नागप्पांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात. दोरीला टांगून होते. एक दिवस चतुराबाई आली. बोटाच्या पेरानं पहिल्या घमेल्याला टिचकी मारली. "ह्ये बोंबलतंय." दुसऱ्याला मारली. "ह्ये मुकं हाय." मग मला मारली, आणि मी खणखणीत वाजले. "ह्ये नीट बोलतंय, ह्ये द्या," असं म्हणून तिनं मला उचललं. तेव्हापासून नीट बोलणं ही माझी जबाबदारी आहे.

चतुराबाईनं मला एका कामाला ठेवलं नाही. रोजगार हमीवर माती वाहिली. घर बांधताना सिमेंट कालवलं. सकाळी शेण, दुपारी वाळत घातलेल्या मिरच्या. तिच्या नातवंडांच्या आंघोळी माझ्यात झाल्या. एका लग्नात तर मला चिंचेनं घासून, आत केळीची पानं लावून बुंदी भरली होती, आणि वाढपी मला 'परात' म्हणत होते. मान असतो म्हणतात तो एवढाच, दोन पंगतींचा. तिसऱ्या दिवशी पुन्हा शेण.

शेजाऱ्यांची रीत सांगते. घमेलं उसनं नेताना माणूस 'आत्ता आणून देतो' म्हणतो, आणि नेलेलं घमेलं परत आणायला मालकिणीला जावं लागतं. आणि ते कधी धुतलेलं नसतं. आत काय काय वाळलेलं आहे त्यावरून चतुराबाई ओळखायची, मी कुणाच्या घरी होते.

आमचे सुंदरराव मात्र मला तासाभरात परत करायचे. ते गावचे पुढारी. दरवर्षी श्रमदानाच्या दिवशी पांढरे कपडे घालून यायचे, मला डोक्यावर घ्यायचे, फोटो निघाला की खाली ठेवायचे. त्यांच्या डोक्यावर मी कधी भरलेली गेले नाही. इस्त्री मोडू नये म्हणून असेल.

आता बारवेचं सांगते. महादेवाच्या देवळामागं, चतुराबाईच्या दारासमोरच, जुनी दगडी बारव आहे. गावानं तिच्यात नारळाच्या करवंट्या टाकल्या, निर्माल्य टाकलं, प्लास्टिकच्या पिशव्या टाकल्या, वरून पावसानं माती टाकली. मग गाव म्हणालं, बारव आटली. तिला आटली म्हणायचं आणि आपण टँकरची वाट बघायची. टँकर आला की आमच्या गावात पाव्हणा, सोयरा, भावकी काही उरत नाही, उरते ती ढकलाढकली. गेल्या उन्हाळ्यात त्याच ढकलाढकलीत चतुराबाई हंड्यासकट पडली. मनगट मोडलं, आणि बसलं ते वाकडं. आता तिला भरला हंडा उचलत नाही. जी बाई दुसऱ्याच्या डोक्यावर हंडा चढवून द्यायची, ती शेजारणीला 'माझा बी घे गं' म्हणू लागली. तिला मोडलेलं हाड सहन झालं, हे म्हणणं सहन होईना.

म्हणून या मे महिन्यात तिनं ठरवलं, पाऊस पडायच्या आत बारव उपसायची. पाणी दारासमोर आलं की हंडा नको, कळशी पुरते. एकदा पाऊस पडला की गाळाचा लगदा होतो आणि काम वर्षभर लांबतं. गावातली तरणी पोरं पुण्याला, संभाजीनगरला कामाला. उरलेल्यांना तिनं दारोदार जाऊन सांगितलं. प्रत्येकजण म्हणाला, "येतो की उद्या." तो उद्या काही उजाडेना. मग ती एकटीच उतरायची. वाकड्या हातानं मला अर्धं भरायची आणि चढायची. मी आयुष्यात पहिल्यांदा जड असल्याची लाज वाटून घेतली.

तसं तिला बघितलं केदारनाथनं. हा त्या नागप्पांचा नातू. मलेशियातल्या विद्यापीठात शिकला, आता पुण्यात नोकरीला. सुट्टीला घरी आला होता. तो म्हणाला, "मावशी, माणसं आणू का?"

"कसली मानसं?"

त्यानं सांगितलं. त्याच्या विद्यापीठातून शिकून गेलेल्यांचं एक मंडळ आहे. साऱ्या आशियात पसरलेलं. वर्षातून एका शनिवारी, जो जिथं असेल तिथं, सगळे जमतात आणि हातानं करायचं एखादं काम करतात. कुणी समुद्राचा किनारा झाडतं, कुणी शाळा रंगवतं.

"पगारी?"

"नाही मावशी. फुकट. स्वतःच्या खर्चानं येतात."

चतुराबाईनं मला खाली टेकवलं. "येवढं शिकून?" ती म्हणाली. "बरं, आन. दोन हात धड असलेली आन."

इथपर्यंत सगळं बरं होतं. केदारनाथनं एकच चूक केली. त्यानं ही बातमी सुंदररावांना सांगितली. सुंदररावांनी ती देवळाच्या भोंग्यावरून गावाला सांगितली: शनिवारी आपल्या गावाला परदेशी पाव्हणे येणार आहेत.

झालं. आमच्याकडं पाव्हण्याला हात धुवायला तांब्यासुद्धा स्वतः उचलू देत नाहीत. घमेलं कुठून उचलू देणार?

शनिवारी बस आली. दोन डझन माणसं उतरली. पुण्यातली, हैदराबादची, आणि नोकरीसाठी पुण्यात राहणारे परदेशी: एक नेपाळचा, एक श्रीलंकेचा, आणि ही लान. प्रत्येकाच्या पायात बूट, हातात मोजे, सगळे कामाच्या तयारीत. समोर मांडव, सतरंज्या, हार, आणि बारवेला पूर्ण झाकणारा फ्लेक्स. फ्लेक्सवर सुंदररावांचा फोटो बारवेपेक्षा मोठा.

मग सत्कार. प्रत्येकाला शाल, प्रत्येकाला नारळ, प्रत्येकाला फेटा. फेटा बांधणारा एकच, डोकी दोन डझन. श्रीलंकेच्या माणसाचं नाव सुंदररावांनी चार प्रकारे घेतलं, चारही वेळा तो उठून उभा राहिला, आणि त्याला शाली मिळाल्या दोन. मग भाषणं. मग पुरणपोळी. पुरणपोळीवर तूप, तुपावर आग्रह. "वहिनी, घ्या वं अजून, कावून लाजता?" असं म्हणत सगळ्यांना इतकं वाढलं की नेपाळचा माणूस भिंतीला टेकून बसला आणि तिथंच त्याचा डोळा लागला.

उरलेले फेट्यासकट बारवेत उतरले. आणि तेव्हा गाव जागं झालं. चतुराबाईनं ज्यांना महिनाभर हाका मारल्या, ते सगळे पाव्हण्यांच्या हातातलं खोरं हिसकायला धावले. मला वाटलं, चला, लाजेनं का होईना, आता हे तरी उपसतील. कसलं काय. खोरं हिसकलं, पाव्हण्याला पायरीवर बसवलं, आणि स्वतः त्याच्या शेजारी बसले. पाव्हण्याला एकटं बसवायचं नसतं ना! पाव्हणा काम करायला आलेला आणि बसलेला. गाववाला बसवायला आलेला आणि बसलेला. खोरं दोघांच्या मध्ये.

एकटी लान मला सोडेना, आणि आश्रुबाही सोडेनात. तिथंच मघा मी गोष्ट सुरू केली.

केदारनाथ खाली आला. "आश्रुबा, सोडा. ते कामालाच आलेत."

"तू शिकून येडा झालास बे," आश्रुबा म्हणाले. "पाव्हना 'मला काम द्या' म्हनतच असतो. म्हनून द्यायचं असतं का?"

सुंदरराव वरून म्हणाले, "केदार, फोटोपुरतं उचलू दे त्यांना. मग ठिवून द्या. उद्या केजला बातमी जाईल, पाव्हण्याला गाळ उपसायला लावला. तालुका हसंल आपल्याला."

"हसू दे," चतुराबाई म्हणाली. "तालुक्याला हसायला पानी लागत न्हाई. मला प्यायला लागतंय."

"चतुराबाई, हा गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"टँकरपाशी मी पडले तवा गावाची इज्जत कुठं गेलती? केजला बातमी द्याया?"

काही माणसं हसली, पण घमेलं कुणी सोडलं नाही. लाज एकदा गावभर पसरली की एका टोमण्यानं मागं फिरत नाही. पश्चिमेकडं आभाळ काळं होत होतं. बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून सांगत होता की अंधाराच्या आत घाट उतरायचाय. केदारनाथ बिचारा एकदा इंग्रजीत माफी मागत होता, एकदा मराठीत. लानला एवढंच कळलं होतं की तिला नको म्हणतायत. तिचे डोळे भरले, पण माझी कड तिनं सोडली नाही. चतुराबाईनं ते बघितलं. पदर खोचला आणि ती वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

आता जरा थांबा. चतुराबाई बोलली की तिच्या मागं कुणी बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही. म्हणून माझं राहिलेलं आधीच सांगून टाकते.

तिच्या बोलण्यानंतर संध्याकाळपर्यंत मी जमिनीला टेकले नाही. या हातातून त्या हातात, या डोक्यावरून त्या डोक्यावर. लानच्या डोक्यावर आणि आश्रुबांच्याही. फेटा हा काय उपयोगी प्रकार आहे ते तेव्हा सगळ्यांना समजलं: त्याच्यासारखी चुंबळ नाही, भरलं घमेलं तसूभर हलत नाही. नेपाळचा माणूस उठून आला आणि त्यानं एकट्यानं तिघांचं काम केलं. सुंदररावांचे पांढरे कपडे कोणत्या रंगाचे झाले ते मी सांगत नाही, धुणाऱ्या बाईला विचारा. बस निघायच्या आधी तळाच्या दगडातून पाण्याची करंगळीएवढी धार सुटली. चतुराबाई पाण्यापाशी बसली, डावा हात, उजवा हात, दोन्ही त्यात धरून बसली.

आज मी बारवेच्या कठड्यावर पालथी असते. दोन्ही कडा चेपल्यात, एक लानच्या बाजूनं, एक आश्रुबांच्या. बुडाला गंज धरलाय, फार दिवस काढीन असं वाटत नाही. चतुराबाई पहाटे कळशी घेऊन येते, जाताना मला टिचकी मारते. मी अजून नीट बोलते. ज्यांना पुढं कधी लोकांच्या उपयोगी पडायचंय, त्यांना माझी एकच विनंती आहे: मला फोटोपुरतं डोक्यावर घेऊ नका, घेतलंत तर भरून घ्या, आणि भरलंत तर वर जाऊन ओता. आणि गावाला म्हणते, कुणी हात पुढं केला तर त्या हातात नारळ कोंबू नका. आता येते मी.

तर चतुराबाई वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली फेटे, फेट्यांशेजारी टोप्या, मध्ये खोरी, आणि दोघांच्या ओढाताणीत मी. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली, ती सुंदररावांवर आणून ठेवली, आणि शांत आवाजात म्हणाली:

"माती उचलू द्यायची न्हाई आसा पाव्हना गावात येकच आसतो, त्यो म्हंजी जावई, तवा सुंदरराव, घरात लग्नाची पोरगी तुमची हाय, ह्यातला कोन पसंत हाय त्यो सांगा, त्येला तेवढा सावलीत बसवू आन् बाकीच्यांस्नी घमेली उचलू द्या."