कडक स्प्रिंगा

आमची मोटारसायकल मागून बूड टेकते म्हणून धाकट्याने शॉकअपला नव्या स्प्रिंगा बसवून आणल्या. टेकते का, तर म्हणे मी बसते म्हणून! मी बसते, माझ्या मांडीवर अंड्यांचे ट्रे बसतात, आणि त्यावरच याच्या पायात बूट आलेत, हे लेकरू विसरलं.

"आई, बघच आता. कंपनीच्या स्प्रिंगा यांच्यापुढे पाणी भरतील. दुकानदार म्हणाला, जन्मात बसणार नाहीत."

खोटं नव्हतं. त्या बसल्या नाहीत आणि मलाही बसू दिलं नाही. गल्ली संपेपर्यंत माझे दात एकमेकांची विचारपूस करून आले. गतिरोधक आला तेव्हा मी एकीकडे, ट्रे दुसरीकडे, आणि हा पुढून विचारतो, "कशी वाटते?" बलक माझ्या कोपरावरून गळत होता.

बेकरीवाल्याने ट्रे उघडून पाहिले. आमची चूल त्याच्या एकट्याच्या गिऱ्हाइकीवर पेटते, हे त्यालाही ठाऊक आहे.

"काकू, केक मी करतो. तुम्ही वाटेतच फेटून आणू नका. उद्या असंच आलं, तर मी दुसरा माणूस बघतो."

माझ्या मालाला आजवर कोणी बोट दाखवलं नव्हतं. धाकट्याला घेऊन तशीच स्पेअर पार्टच्या दुकानात गेले.

"जुन्या स्प्रिंगा दे."

"भंगारात गेल्या, मावशी."

"मग या काढ आणि मऊ बसव."

"मऊ मागवाव्या लागतील, आठवडा जाईल. आणि यानेच तर मागितल्या ना, कडक!"

धाकटा उसळला. "अरे, कडक म्हणजे भारी! कडक गाडी, कडक शर्ट म्हणतात तसं!"

"मला काय ठाऊक? माझ्याकडे कडक म्हणजे कडक."

शब्द एक, शहाणे दोन, आणि हाडं माझी.

"वजन वाढवा, मावशी. अजून एक माणूस बसवा, मऊ लागेल," दुकानदाराने वर अक्कल पाजळली.

"तूच ये. डोक्याचं नाही, पण तुझ्या पोटाचं वजन पुरेल."

दुसऱ्या दिवशी सीटवर गोधडी घातली, वर ट्रे बांधले. धाकटा गाडी ढकलत पुढे, मी ट्रेला हात लावून बाजूला. एकही अंडं तडकलं नाही. उशीर मात्र झाला.

बेकरीवाल्याने ट्रे निरखले. "माल चोख आहे, काकू. पण भट्टी थांबत नाही. अर्धी अंडी दुसऱ्याकडून घेतली. आजची सगळी ठेवतो, यापुढे मात्र तुमच्याकडून अर्धीच."

"काका, आठवडाभर सांभाळून घ्या ना," धाकटा गयावया करू लागला.

"सांगितलं ना, अर्धीच."

"बरं," मी म्हटलं आणि रिकामे ट्रे उचलले. मला हात जोडता येत नाहीत.

बाहेर आल्यावर धाकट्याने गाडी पुसली. "बस ना, आई. आता फुटायला काही नाही."

"मी आहे ना," म्हटलं आणि चालू लागले.

चालवायची लाज वाटली असावी. गाडी ढकलतच माझ्यामागून आला. कोपऱ्यावरच्या शिंप्याने हटकलं, "काय, बंद पडली का?"

मीच सांगितलं, "गाडी चालू आहे हो. चालवणारा बंद पडलाय."