उजवीकडची घडी

सासूबाईंनी देवदारांचा ठसा कागदावर टेकवला, त्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि श्वास रोखून अंगाचा सगळा भार दिला. ठसा मारताना हलायचं नसतं, बोलायचं नसतं आणि मनात काही आणायचं नसतं. यातली पहिली दोन पथ्यं त्यांना जमायची.

"उचला आता," सून म्हणाली. "झाडं गुदमरतील."

त्यांनी ठसा सरळ वर उचलला. कागदावर देवदारांची काळी रांग उमटली होती. एका झाडाचा शेंडा तेवढा पुसट आला होता.

"दुसरा मारू?"

"नको. एखादं असतंच तसं."

हे जंगल ठरायला अख्खी सकाळ गेली होती. पुरुषांची कार्डं ही या धंद्यातली जुनी डोकेदुखी. बाईसाठी कार्ड करायचं तर फुलं, पानं, पक्षी, फुलपाखरं, फार तर चहाची किटली. पुरुषासाठी मात्र ठसे बनवणाऱ्यांनी फारसं डोकं चालवलेलं नाही. जहाज, सायकल, टाय, मिशी आणि एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं. जगातला प्रत्येक पुरुष यांपैकी कशात तरी बसतो, अशी त्यांची समजूत असावी. कोपऱ्यावरचा कागदवाला, ज्याच्या दुकानात या दोघींची कार्डं विकायला असत, तो तर म्हणायचा, "मावशी, पुरुषांची जास्त द्या. बायका तीच विकत नेतात. पुरुष आयत्या वेळी पाकीट तेवढं मागायला येतात."

तर सकाळी सासूबाईंनी ठशांचा डबा उघडला होता आणि चौकशी सुरू केली होती.

"मासे धरायला जातो का तो?"

"नाही."

"मग जहाज घे. जहाज कुणालाही चालतं."

"त्याला बोट लागते, आई."

"सायकल?"

"येत नाही."

"लिफ्टचा ठसा तर बाई आपल्याकडे नाही. मिशी?"

"सफाचट."

"अगं, मग त्या माणसाकडे आहे तरी काय?"

"मी आहे की," सून हसत म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिनं एकदम ब्रश धुवायला घेतले. ब्रश स्वच्छच होते. सासूबाईंनीही मिशीचा ठसा फडक्यानं पुसला. तोही स्वच्छच होता.

हे कार्ड ज्याच्यासाठी चाललं होतं तो लिफ्टवाला, म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. सुनेच्या ऑफिसातली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, आत सून होती, आणि यानं वरून झडप उघडून तिला बाहेर ओढून काढलं. पुढचं सगळं लिफ्ट नीट चालू असतानाच झालं. आज त्याचा वाढदिवस होता आणि दुपारी तो पहिल्यांदा या घरी येणार होता. लग्न नोंदणी करूनच उरकायचं ठरलं होतं. त्यानंतर सून त्याच्याबरोबर त्याच्या गावी जाणार होती. मग या टेबलाच्या एका बाजूला सासूबाई राहणार होत्या आणि दुसऱ्या बाजूला खुर्ची.

तक्रार करायला त्यांना जागा नव्हती. मुलगा गेला, कामावरून येताना रस्त्यात कोसळला तो उठलाच नाही, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. पहिलं वर्षश्राद्ध वगैरे सोपस्कार झाल्यावर त्यांनीच चार नातेवाइकांसमोर म्हटलं होतं, "तू तरुण आहेस, बाळा. कुणी चांगला भेटला तर विचार कर." हे वाक्य म्हणायचं असतं. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात, म्हणणाऱ्याची उंची वाढते, आणि सून "काहीतरीच काय, आई" म्हणते. सूनही तसंच म्हणाली होती. पण ती मुळात लक्ष देऊन ऐकणारी मुलगी होती.

आता ती शाई चढवायला बसली. ठसा सासूबाईंचा आणि शाई सुनेची, ही वाटणी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात झाली होती. ठशाला वजन लागतं आणि शाईला हलका हात. सासूबाई शाई लावत तेव्हा आकाशाला जखम झाल्यासारखे डाग पडत. सून ब्रश आधी कागदाबाहेर, खालच्या रद्दीवर गोल गोल फिरवायची, आणि तसाच फिरवत फिरवत कागदाच्या कडेवरून आत आणायची. रंग कुठून सुरू झाला ते सांगता यायचं नाही. आधी फिकट पिवळा, त्यावर विटकरी, वरून राखाडी निळा. झाडांच्या मागे हळूहळू संध्याकाळ झाली.

"गुलाबी नको हं," सासूबाई म्हणाल्या. "पुरुषाचं कार्ड आहे."

"संध्याकाळ कुठे बघते, बाई आहे की पुरुष?"

"कागदवाला बघतो."

दोघीही हसल्या. हसू संपल्यावर ते आणखी थोडं लांबवता आलं असतं तर बरं, असं दोघींच्याही चेहऱ्यावर दिसलं.

सुनेनं चित्राच्या मागे चिकटपट्टी लावली आणि घडी घालून ठेवलेल्या जाड कार्डावर ते बसवलं. ते जाड कार्ड तिनं सकाळीच, सासूबाई अंघोळीला गेल्या असताना घडी घालून वह्यांखाली दाबून ठेवलं होतं.

"मी केक घेऊन येते," ती चपला घालत म्हणाली. "तुम्ही जरा पडा. आतला ठसा मी आल्यावर मारते."

"बरं."

पण पडायचं म्हणजे छताकडे बघायचं, आणि छतावर बघण्यासारखं काही नव्हतं. दार लागल्यावर सासूबाई परत टेबलाशी आल्या. आत 'शुभेच्छा' एवढाच ठसा मारायचा होता. पुरुषाला यापेक्षा जास्त लिहिलं की तो घाबरतो. त्यांनी ठशाला शाई लावली आणि डाव्या हातानं कार्ड उघडायला गेल्या.

कार्ड उघडेना. उजवी कड बंद होती. घडी उजवीकडे होती.

त्यांनी ठसा खाली ठेवला.

जगातली सगळी कार्डं उजव्या कडेनं उघडतात. या घरात एकाच माणसाचं कार्ड डाव्या कडेनं उघडायचं. मुलगा डावरा होता. लहानपणी कात्रीनं त्याचा अंगठा सोलायचा, लिहिताना शाई मनगटाला लागायची, आणि एका वाढदिवसाला आईनं केलेलं कार्ड हातात घेऊन तो रडला होता, "माझंच कार्ड मागून का उघडतं?" तेव्हापासून त्याच्या कार्डाची घडी उजवीकडे. मोठा झाला, नोकरीला लागला, टक्कल पडू लागलं, तरी घडी उजवीकडेच. लग्न झाल्यावर सासूबाईंनी सुनेला जी काही घरची रीत शिकवली, ती एवढीच. तो गेल्यापासून या टेबलावर घडी त्या बाजूला पडली नव्हती.

सासूबाई खुर्चीत बसल्या.

सुनेच्या हातानं, सुनेला न विचारता, तिच्या नवऱ्याची घडी घातली होती. डोकं लिफ्टवाल्याकडे गेलं होतं. हात अजून इथेच होता. सासूबाईंनी ते कार्ड छातीशी धरलं नाही, त्यांना तसलं आवडत नसे. पण त्यांनी ते डाव्या कडेनं उघडलं, मिटलं, परत उघडलं. त्यांना इतका आनंद झाला की तो कुणाला दिसू नये म्हणून त्यांनी रिकाम्या घरातही दाराकडे पाहिलं.

मग लाज वाटली. आयत्या वेळी तो पोरीसमोर पाकीट उघडेल, चूक तिच्या लक्षात येईल, आणि वाढदिवसाच्या केकसमोर ती रडायला लागेल. तो बिचारा विचारेल, काय झालं. ती काय सांगणार? असलं ओझं बरोबर देऊन तिला कसं पाठवायचं?

त्यांनी पातळ सुरी घेतली आणि चित्राखालची चिकटपट्टी कडेकडेनं सोडवली. एक कोपरा जरासा दुमडला. तो नखानं सपाट केला. नवं जाड कार्ड घेतलं, फूटपट्टी लावून बोथट सळईनं रेघ दाबली आणि घडी घातली, डावीकडे, जगासारखी. त्यावर संध्याकाळ चिकटवली आणि आत 'शुभेच्छा'चा ठसा मारला. तो उत्तम उमटला. जुनं, उजव्या घडीचं कोरं कार्ड टाकवेना. ते त्यांनी कपाटात चादरींच्या मधे सरकवलं. त्यानंतर त्यांना कडकडून भूक लागली. मन मोठं केल्यावर लागत असावी.

सून आली. केक टेबलावर ठेवून तिनं कार्ड उचललं आणि तिचा अंगठा डाव्या कडेवर गेला. तिथे घडी होती. ती कार्डाकडे बघत राहिली. मग तिनं सासूबाईंकडे पाहिलं.

"आई, तुम्ही हे..."

"कड जरा तिरकी आली होती. सरळ केली."

सुनेनं काही तरी बोलायला तोंड उघडलं. सासूबाई घाईघाईनं बशा पुसू लागल्या. हा प्रसंग आपण किती समजूतदारपणे हाताळला याची त्यांना थोडी भीतीच वाटत होती. सुनेचे डोळे भरून आले होते ते त्यांनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

"बरं केलंत," सून म्हणाली आणि तिनं कार्ड पाकिटात घातलं.

लिफ्टवाला सांगितल्या वेळेला आला. नाकीडोळी बेताचा, इस्त्री मात्र कडक. बूट कुठे काढायचे या विवंचनेत तो दारातच बराच वेळ उभा होता.

"या, या. जिन्यानं दमलात का?" सासूबाईंनी विचारलं. "आमच्याकडे लिफ्ट नाही."

"म्हणून तर निवांत आलो," तो म्हणाला. "लिफ्ट असली की लोक मला दारातच धरतात. डॉक्टरला कसं, लग्नातही जीभ दाखवतात."

सासूबाईंना हसायचं नव्हतं. त्या हसल्या. माणूस वाईट नव्हता, आणि हीच मोठी पंचाईत होती. वाईट निघाला असता तर काही मुद्दे मांडता आले असते.

केक कापून झाला. सुनेनं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं कार्ड बाहेर काढलं, लांब धरून पाहिलं, पुसट शेंड्याच्या झाडावरून बोट फिरवलं.

"हे तुम्ही दोघींनी केलंत?"

"झाडं माझी," सासूबाई म्हणाल्या. "आभाळ तिचं."

तो उघडायला गेला. त्याचा डावा अंगठा डाव्या कडेवर गेला, घडीला अडला. मग त्यानं अगदी सवयीनं कार्ड पालथं केलं, मागची कोरी बाजू वर आली, आणि मागून ते उघडलं. घड्याळ त्याच्या उजव्या मनगटावर होतं.

सासूबाईंच्या हातातली किटली टेबलावर टेकली.

"शुभेच्छा," त्यानं आतलं वाचलं. मग मिस्कीलपणे सुनेकडे पाहिलं. "आणि मला कोण म्हणालं होतं, आमच्याकडे डावऱ्यांची वेगळी घडी असते म्हणून? मी आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलोय."

सून टेबलक्लॉथची एक सुरकुती बोटानं सपाट करत होती. ती सुरकुती सपाट होण्यासारखी नव्हती.

"विसरले मी," ती म्हणाली. "घाईघाईत विसरूनच गेले."

"असू दे गं. मला सवय आहे."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं वर पाहिलं नाही. सकाळी अंघोळीची वेळ साधून घातलेली घडी, "आतला ठसा मी मारते" म्हणून केलेली सूचना, कार्ड बघून भरून आलेले डोळे, सगळं आता आपापल्या जागी जाऊन बसलं. पोरीचा हात काहीच चुकला नव्हता. तिनं घडी ज्याच्यासाठी घातली होती, तो समोर बसून केक खात होता.

"माझा..." सासूबाई म्हणाल्या.

दोघांनी मान वर केली.

"माझा चहा जरा कडक असतो," त्या म्हणाल्या. "चालेल ना?"

"पळेल."

त्यांनी चहा ओतला. कप बशीत ठेवला आणि तो त्याच्यापुढे सरकवण्याआधी फिरवला. कपाचा कान त्याच्या डाव्या हाताकडे आला. ते करायला त्यांना बघावं लागलं नाही. तो लिफ्टबद्दल काही सांगत होता, सांगता सांगताच त्यानं कप उचलला. सुनेनं मात्र सुरकुतीवरचं बोट काढलं आणि हात मांडीवर घेतला.

"साखर तळाशी राहिली असेल," सासूबाई म्हणाल्या, आणि चमचाही त्याच बाजूला ठेवला.