मॅडमला काहीच येत नाही

मूल हाच खरा वाटाड्या असतो. मोठ्यांनी फक्त त्याच्या मागं चालायचं असतं. सिडकोतल्या त्या बालशाळेच्या फाटकावर हे वाक्य निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. फाटकाची कडी पाच फुटांवर बसवली होती, वाटाड्याचा हात पोचू नये म्हणून.

संचालक इंद्रजीत सरांनी पंधरा वर्षं बारावी सायन्सचे क्लास चालवले होते. चाळीस सेकंदांत उत्तर न देणारा पोरगा तिथं वर्गाबाहेर उभा राही. मग सर एका तीन दिवसांच्या शिबिराला गेले आणि उत्तरांवरून त्यांचं मनच उडालं. त्यांनी बाक काढून टाकले, गालिचे अंथरले आणि बालशाळा सुरू केली. नियम एकच. शिक्षिकेनं उत्तर द्यायचं नाही. मुलानं काही विचारलं की हसून म्हणायचं, "तुला काय वाटतं?"

"मुलाचा शोध आपण चोरायचा नाही," सर सांगत.

तिथली नवी शिक्षिका दीपमाला कन्नड गावची. डी.एड.ला तिला शिकवलं होतं की उत्तर फळ्यावर लिहायचं आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घ्यायचं. इथं फळाच नव्हता. नेमणूक तात्पुरती होती. मार्चमध्ये पुण्याहून त्या शिबिरवाल्या करुणा मॅडम येऊन वर्ग बघणार आणि त्यानंतर दीपमाला कायम होणार की कन्नडची एसटी धरणार ते ठरणार, असं सरांनी सांगून ठेवलं होतं. पहिला आठवडा उत्तरं तिच्या ओठांपर्यंत यायची आणि ती आवंढ्यासारखी गिळायची. मग सवय झाली. इतकी, की एकदा रिक्षावाल्यानं "टीव्ही सेंटरला उतरायचं ना?" विचारलं तेव्हाही तिच्या तोंडून "तुम्हाला काय वाटतं?" निघून गेलं. त्यानं तिला पार पुढं हर्सूलपर्यंत नेलं.

वर्गात एक प्रश्नांची भिंत होती. प्रत्येक मुलाचा फोटो आणि खाली त्याचा प्रश्न. लिफ्ट झोपायला कुठं जाते, हा अभयचा. मुंगीला ताप येतो का, हा सोनियाचा. एकोणीस फोटोंखाली एकोणीस प्रश्न होते. विसाव्या फोटोखाली कोरा कागद होता आणि फोटो सुकेशनीचा होता.

सुकेशनी साडेचार वर्षांची. बाप शेंद्र्याला कंपनीत, आजोबांच्या पिसादेवी रस्त्याला अकरा शेळ्या. तिला प्रश्न पडत नसत, कारण लागेल तेवढं तिला माहीत होतं. दीपमालानं तिच्यापुढं शेंगदाणा ठेवून भिंग दिलं आणि विचारलं, "यातून काय दिसतंय?"

"मोठा शेंगदाणा," सुकेशनी म्हणाली आणि तो खाऊन टाकला.

एक दिवस सोनियानं विचारलं, "मॅडम, शेळीला दात किती असतात?"

"तुला काय वाटतं?"

"शंभर."

"छान विचार आहे!"

दीपमालाला ते खरोखरच माहीत नव्हतं. पद्धतीचा हा एक सोयीचा भाग होता. सुकेशनी मात्र बराच वेळ तिच्याकडं बघत राहिली. घरातल्या आजारी माणसाकडं बघावं तशी.

तिसऱ्या दिवशी सुकेशनीचे आजोबा, सोनाजी, फाटकाशी येऊन उभे राहिले.

"राग मानू नका मॅडम, पण तुमचं शिक्षण किती झालं?"

"बी.ए., डी.एड. का हो, आजोबा?"

"नाय, पोरगी रोज घरी येऊन रडती. म्हणती, आमच्या मॅडमला काहीच येत नाय. कावळा काळा कामून, तेबी आम्हालाच इचारती. मोठे सर मॅडमला काढून टाकतील म्हणती. जेवत बी नाय नीट."

दीपमालानं त्यांना पद्धत समजावून सांगितली. सोनाजींनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे येतं, पर सांगायचं नाय?"

"हो, तसंच."

"आमच्याकडं एक तलाठी व्हता असा," ते म्हणाले. जाता जाता मागं वळून हळूच बोलले, "शेळीला वरचे म्होरचे दातच नसतात. खाली आठ. ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ."

दुसऱ्या दिवसापासून सुकेशनीनं मॅडमला शिकवायला घेतलं. शाळा भरायच्या आधी ती दीपमालाचं बोट धरून अंगणात न्यायची.

"ह्यो कावळा. म्हणा."

"कावळा."

"आजून."

तीनदा म्हणवून घेतल्याशिवाय ती सोडत नसे. "ही चिंच. बाभळीवानी दिसती, पर बाभळ नाय. फसू नका." आपल्याला येतं असं दाखवायची दीपमालाला मुभा नव्हती. ती डोळे मोठे करून "हो का?" म्हणायची. फेब्रुवारीत मात्र तिच्या ध्यानात आलं, की आपला "हो का?" अधूनमधून खरा निघतोय. ती आता मुद्दाम दहा मिनिटं लवकर येऊ लागली.

करुणा मॅडमच्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी इंद्रजीत सर त्या कोऱ्या कागदापुढं थांबले.

"लिहून टाका ना काहीतरी. पाऊस का पडतो वगैरे."

"ते चोरल्यासारखं होईल ना, सर?"

सरांना आपलंच वाक्य इतक्या जवळून ऐकायची सवय नव्हती. ते निघून गेले.

करुणा मॅडम आल्या आणि मुलांच्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला लावून बसल्या. सुकेशनी दीपमालाच्या पदराशी चिकटून होती.

"आज किती मुलं आहेत?" करुणा मॅडमनी विचारलं.

"वीस, मॅडम, वीस," खालून कुजबुज आली.

"वीस," दीपमाला म्हणाली.

"आणि दिवसाची सुरुवात कशी होते?"

"चपला काढून," खालून आलं. दीपमालानं तेही सांगितलं. करुणा मॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली.

"हा कागद कोरा कसा?"

कन्नडच्या एसटीची वेळ दीपमालाला तोंडपाठ होती.

"तिला अजून प्रश्न पडला नाही," ती म्हणाली.

करुणा मॅडमनी वहीवर पेन टेकवलं. तेवढ्यात सुकेशनी पदर सोडून पुढं झाली.

"तुमी आमच्या मॅडमला काढणार का?"

इंद्रजीत सर छताकडं बघू लागले. करुणा मॅडमची तीस वर्षांची सवय. त्या वाकल्या, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुला काय वाटतं?"

सुकेशनीनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग दीपमालाकडं वळून हताशपणे म्हणाली, "मॅडम, ह्यान्लाबी येत नाय."

एवढं बोलून तिनं करुणा मॅडमचं बोट धरलं. "घाबरू नका. चला, कावळा दावते." कावळ्यानं त्या दिवशी फाटकाबाहेरच्या खांबावर बसायचं ठरवलं होतं. वरात फाटकाशी जाऊन अडली. सुकेशनीनं वर बघितलं.

"सर, कडी काढा."

सरांनी कडी काढली. वीस मिनिटांनी करुणा मॅडम परत आल्या तेव्हा त्यांच्या साडीला कुसळं चिकटली होती आणि त्या "चिंच" तिसऱ्यांदा म्हणत होत्या. तशाच त्या पुण्याच्या गाडीत बसल्या. दुपारी दीपमालानं कोऱ्या कागदावर सुकेशनीचा प्रश्न लिहिला. तिच्याच शब्दांत, "तुमी"सकट.

आठ दिवसांनी कायम झाल्याचं पत्र मिळालं. सोनाजींनी तांब्याभर शेळीचं दूध आणून दिलं. सुकेशनीनं फक्त एवढंच म्हटलं, "बगा. आलं का नाय आता तुमाला सगळं?"

दीपमालाच्या मनाला मात्र एकच चुटपुट लागून राहिली होती. तिनं सरांना गाठलं.

"सर, करुणा मॅडमनी अहवालात काय लिहिलं हो?"

"तुम्हाला काय—" सर सवयीनं म्हणाले आणि थांबले. "अहवाल अजून आलेला नाही. तुमच्या जागेसाठी दुसरा अर्जच आला नव्हता."